अकरा ए

दुपारी तीन वीसला कोरगावात कुणी जागं नसतं.
पाववाला पोदेरसुद्धा सायकल भिंतीला टेकवून आडवा झालेला असतो.
सुलक्षा मात्र ओसरीच्या टोकाला, जिथे रेंज येते तिथे,
फोन धरून घड्याळाकडे बघत होती.
विमान परवा तीन वीसचं.
अट्ठेचाळीस तास आधी जागा उघडतात म्हणे,
आणि उघडल्या उघडल्या संपतात.

मी म्हटलं, बाय, जागा कुठे पळून जाते?
ती म्हणाली, बाबा, हे तुम्ही सांगताय?

खरं होतं. कदंबात तीस वर्षं काढली मी,
पेडणे-पणजी, शेवटची साडेसातची.
गाडी फलाटाला लागायच्या आधीच
खिडक्यांतून रुमाल पडायचे आत,
पिशव्या, छत्र्या, आणि एकदा
आगरवाड्याच्या एका बाईने
धाकटं पोरच सरकवलं होतं सीट धरायला.
त्यावरून भांडणं. निवाडा माझ्याकडे:
रुमाल ज्याचा, जागा त्याची.
नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं.
तर हा तसलाच रुमाल,
फक्त साडेतीनशे रुपयांचा,
आणि टाकायचा परवाच्या गाडीत.

फुकटात मधली मिळत होती,
दोन अनोळखी कोपरांमधली.
तिने खिडकी घेतली. अकरा ए.
आणि मला वाटलं, गेली.
म्हणजे होती समोरच,
वाटीतली भाजलेली भिकणं सोलत,
पण कुठल्यातरी यंत्रात
तिच्या नावापुढे खूण पडली होती.
त्या रात्री, दुसऱ्या दिवशीही,
ती आमच्याकडे पाहुणी होती.
जागा तिची हैदराबादच्या विमानात.

विमानतळावर फायदा काय झाला म्हणाल तर
काही नाही. बॅगेत सोलं,
सुक्या बांगड्याचं लोणचं, चौदा किलो वजन,
म्हणजे पुन्हा रांग. तीच रांग.
न केलेले पुढे, केलेली मागे.
तिने काचेतून हात हलवला
आणि मी घाईने स्कूटर काढली.

कारण एवढं मला कळलं होतं:
ए म्हणजे डावी बाजू.
आदल्या रात्री टेबलाच्या मेणकापडावर
काडेपेटी सरकवून बघितलं होतं,
विमान असं आलं, असं वळलं,
तर डावी बाजू कुणीकडे पडते.
सड्यावर, कुंपणाबाहेर,
काजूच्या एका खुंटाजवळ.
तिथे उभा राहिलो.
तीन वीसचं तीन एक्कावन्नला निघालं.
मी खिडक्या मोजायला लागलो पुढून,
सात, आठ,
पण ते काही दोरी ओढून थांबणारं नव्हे.
मग सरसकट सगळ्यांना हात केला,
रुमाल काढून.

रात्री फोन आला. दिसलात, म्हणाली.
पांढरा रुमाल ना? स्पष्ट दिसला.

आठवडाभर मी हे सांगत फिरलो.
पोदेराला, पोस्टातल्या मिंगेलला,
आणि एवढ्या आधी चेक-इन करून
काय मिळतं रे, असं विचारणाऱ्या आत्मारामाला
तर दोनदा.

परवा आमचं बोलणं संपलं
पण तिचा फोन बंद व्हायचा राहिला.
मैत्रिणीला सांगत होती, हसत,
की त्या विमानाला अकराव्या रांगेत डावीकडे
खिडकीच नसते.
साडेतीनशे रुपये, आणि नुसती भिंत.
प्लास्टिकची, करडी.

माझा रुमाल निळ्या चौकड्यांचा होता.
तेव्हाच कळायला हवं होतं मला.

चवथीला येणार आहे ती.
परतीचं विमान मंगळवारी दुपारी,
म्हणजे रविवारी मी झोपणार नाही.
शेजारच्या रॉयस्टनला सांगून ठेवलंय,
पैसे मी देतो, तिला कळू देऊ नको,
दहावी रांग बघ नाहीतर बारावी,
बाजू डावीच,
आणि आधी नीट विचारून घे,
खिडकीला खिडकी आहे का.